विश्लेषण : नवापूरच्या गाळात काय दडले आहे, हे लेझर सांगू शकेल? चंद्रावर वापरलेले ‘लिब्ज’ तंत्र नेमके काय आहे?

तारापूर औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी वर्षानुवर्षे नवापूरच्या किनाऱ्यावरून समुद्रात सोडले जाते. त्या पाण्यात आणि खाडीच्या गाळात कोणते धातू आहेत, हा प्रश्न इथल्या मच्छीमारांसाठी पोटापाण्याचा आहे. ‘चंद्रयान-३’च्या रोव्हरने लेझरच्या ठिणगीने चंद्राच्या मातीत गंधक शोधले. तेच तंत्र आता हातात मावणाऱ्या यंत्रांतही मिळते. मग ते नवापूरला का वापरू नये? हे तंत्र काय करू शकते आणि काय नाही, याचा हा आढावा.

नवापूरचा प्रश्न काय आहे?

पालघर जिल्ह्यात बोईसरच्या पश्चिमेला नवापूर, दांडी, उच्छेळी, आलेवाडी, मुरबे अशी किनाऱ्यावरची गावे आहेत. मांगेला, वैती, कोळी समाजांची बरीच कुटुंबे मासेमारीवर जगतात. बोईसरला लागून तारापूर एमआयडीसी आहे. रसायने, औषधांचा कच्चा माल, रंग, कापड आणि पोलाद असे उद्योग तिथे आहेत. या कारखान्यांचे सांडपाणी सामुदायिक प्रक्रिया केंद्रात येते आणि प्रक्रियेनंतर वाहिनीने नवापूरच्या समुद्रात सोडले जाते. मूळ केंद्राची क्षमता दिवसाला २५ दशलक्ष लिटर होती. ती अपुरी पडू लागल्यावर ५० दशलक्ष लिटर क्षमतेचे दुसरे केंद्र उभारण्यात आले.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचा सर्वंकष निर्देशांक देते. हा निर्देशांक ७० च्या वर गेला की तो पट्टा ‘अतिप्रदूषित’ ठरतो. तारापूरचा आकडा २००९ मध्ये ७२.०१ होता. २०१८ मध्ये तो ९३.६९ झाला.

अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. लवादाने जानेवारी २०२२ मध्ये प्रक्रिया केंद्र आणि अनेक कारखान्यांवर पर्यावरण भरपाईची जबाबदारी टाकली. या निर्णयाला पुढे सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. सांडपाणी समुद्रात आणखी आत नेऊन सोडण्याच्या वाहिनीलाही मच्छीमारांचा विरोध राहिला आहे.

या सगळ्या वादात एक मुद्दा सतत येतो, तो म्हणजे नमुना. पाणी कधी घेतले, कुठून घेतले, तपासणी कुठे झाली आणि अहवाल कधी आला? भरती-ओहोटीच्या खाडीत सकाळी दिसलेला रंग संध्याकाळी उरत नाही. त्यामुळे जागच्या जागी, काही सेकंदांत उत्तर देणाऱ्या यंत्राचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे.

‘लिब्ज’ म्हणजे काय?

‘लेझर इंड्युस्ड ब्रेकडाऊन स्पेक्ट्रोस्कोपी’ या नावाचे हे लघुरूप. सोप्या शब्दांत सांगायचे तर लेझरने पदार्थावर बारीकशी ठिणगी पाडायची आणि तिच्या प्रकाशावरून पदार्थातील मूलद्रव्ये ओळखायची.

दिवाळीतले फटाके हे याचे घरचे उदाहरण. हिरवा रंग बेरियममुळे येतो, लाल स्ट्रॉन्शियममुळे, पिवळा सोडियममुळे. गॅसच्या शेगडीवर भात उतू गेला की मिठाच्या पाण्याने ज्योत पिवळी होते, तेही सोडियममुळेच. प्रत्येक मूलद्रव्याचा अणू तापल्यावर ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश सोडतो. डोळ्याला तो एक रंग वाटतो. वर्णपटमापकातून पाहिले की त्याच्या स्वतंत्र रेषा दिसतात. सोडियमच्या दोन ठळक रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर, शिशाची एक रेषा ४०५.८ वर, क्रोमियमची ४२५.४ वर. या रेषा म्हणजे त्या मूलद्रव्याच्या बोटांचे ठसे.

ही कल्पना जुनी आहे. जर्मनीत बुन्सेन आणि किर्चहॉफ यांनी १८५९-६० च्या सुमारास वर्णपटावरून मूलद्रव्ये ओळखण्याची पद्धत घडवली. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी गुंटूर येथे आलेल्या जान्सेन यांनी सूर्याच्या कडेचा वर्णपट पाहिला. त्या वर्षीच्या निरीक्षणांतून एक अनोळखी पिवळी रेषा पुढे आली आणि तिच्यातून हेलियमचा शोध लागला. त्या ग्रहणाची आठवण म्हणून सिंधुदुर्गातील विजयदुर्ग किल्ल्यावर १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा केला जातो. पृथ्वीवर हेलियम हाती लागायला मात्र १८९५ साल उजाडले. पहिले लेझर १९६० मध्ये तयार झाले आणि १९६२ मध्येच लेझरने पदार्थाची वाफ करून तिचा वर्णपट घेण्याचा प्रयोग जाहीर झाला.

यंत्र काम कसे करते?

प्रयोगशाळेतील यंत्रात साधारण १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचे अवरक्त लेझर असते. ते सलग जळत राहत नाही. ते अत्यंत छोटे स्पंद सोडते. एक स्पंद ५ ते १० नॅनोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या एक अब्जांश भागाच्या काही पट.

समजा एका स्पंदात ५० मिलिज्यूल ऊर्जा आहे. घरातला छताचा पंखा एवढी ऊर्जा सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत वापरतो. पण तीच ऊर्जा ५ नॅनोसेकंदांत ओतली तर त्या क्षणाची शक्ती १ कोटी वॅट होते. ती भिंगाने मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या ठिपक्यावर एकवटली की तिथला पदार्थ क्षणात वाफ होतो. अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतात आणि प्लाझ्मा तयार होतो. त्याचे तापमान १० हजार अंशांच्या वर जाते. उडालेला पदार्थ मात्र मायक्रोग्रॅममध्ये किंवा त्याहूनही कमी असतो. बाकीच्या नमुन्याला धक्का लागत नाही.

पहिल्या काही क्षणांत प्लाझ्मा सगळ्याच रंगांत उजळतो. त्या झगमगाटात कुठलीच रेषा ओळखू येत नाही. म्हणून यंत्र साधारण एक मायक्रोसेकंद थांबते. प्लाझ्मा थोडा निवतो, अणू आपापल्या रेषा सोडू लागतात आणि तेव्हा प्रकाश टिपला जातो. रेषा कुठे आहे यावरून मूलद्रव्य कळते. ती किती तेजस्वी आहे यावरून त्याचे प्रमाण काढतात. त्यासाठी प्रमाण आधीच माहीत असलेल्या नमुन्यांशी तुलना करावी लागते.

या पद्धतीचा मोठा फायदा म्हणजे नमुन्याची तयारी फारशी लागत नाही. आम्लात विरघळवणे, गाळणे, तापवणे हे टप्पे वाचतात. लिथियम, बेरिलियम, कार्बन यांसारखी हलकी मूलद्रव्येही दिसतात. हातात धरायच्या क्ष-किरण यंत्रांना ती दिसत नाहीत.

चंद्र आणि मंगळावर हे तंत्र का नेले?

तिथे नमुना घेऊन प्रयोगशाळेत जाता येत नाही, हे साधे कारण. नासाच्या ‘क्युरिऑसिटी’ रोव्हरने ऑगस्ट २०१२ मध्ये ‘कॉरोनेशन’ नावाच्या दगडावर १० सेकंदांत ३० स्पंद मारले. दुसऱ्या ग्रहावर हे तंत्र वापरण्याची ती पहिली वेळ होती. २०२१ मध्ये मंगळावर उतरलेल्या ‘पर्सिव्हरन्स’वरही असे यंत्र आहे.

‘चंद्रयान-३’ २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरले. ‘प्रज्ञान’ रोव्हरवरील लिब्ज उपकरण इस्रोच्या बंगळूरु येथील इलेक्ट्रो-ऑप्टिक्स प्रयोगशाळेत तयार झाले होते. त्याने दक्षिण ध्रुवाजवळच्या मातीत गंधक असल्याचे प्रत्यक्ष जागेवर दाखवले. ॲल्युमिनियम, कॅल्शियम, लोह, क्रोमियम, टायटॅनियम, मँगनीज, सिलिकॉन आणि ऑक्सिजनही दिसले. रोव्हरवरील दुसऱ्या, क्ष-किरणांवर आधारित उपकरणानेही गंधकाला दुजोरा दिला. एकाच निष्कर्षाला दोन वेगळ्या पद्धतींचा आधार मिळाला, ही त्यातली शिकण्यासारखी गोष्ट.

तारापूर परिसरात याचा उपयोग कुठे होऊ शकतो?

पहिली जागा पोलादाची आणि भंगाराची. स्टेनलेस स्टीलचे ३०४ आणि ३१६ हे प्रकार दिसायला सारखेच. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मोलिब्डेनम असते, त्यामुळे ते खाऱ्या पाण्यात जास्त टिकते आणि महागही पडते. भंगारात हे दोन्ही एकत्र आले तर वितळवलेल्या धातूचे प्रमाण बिघडते. ३०४ आणि ३०४-एल यांतला फरक तर फक्त कार्बनचा आहे. ‘एल’ प्रकारात कार्बन ०.०३ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. रसायन कारखान्यातील टाकीचे वेल्डिंग चुकीच्या प्रकारावर झाले तर जोडाजवळ गंज धरू शकतो. हातातले क्ष-किरण यंत्र कार्बन मोजू शकत नाही. लिब्ज मोजू शकते. गळकी टाकी हा शेवटी नाल्यात जाणाऱ्या पाण्याचाही प्रश्न असतो.

दुसरी जागा अणुऊर्जेची. तारापूर अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच १९६९ पासूनचे आहेत. किरणोत्सर्गी पदार्थाजवळ माणूस जितका कमी जाईल तितके चांगले. लेझर काचेपलीकडून मारता येते आणि प्रकाश ऑप्टिकल फायबरने बाहेर आणता येतो, त्यामुळे जगभर अणुइंधनासाठी या तंत्रावर काम झाले आहे. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनीही थोरियम आणि युरेनियमच्या नमुन्यांवर असे प्रयोग करून शोधनिबंध प्रसिद्ध केले आहेत.

तिसरी जागा म्हणजे खाडीचा गाळ. नवापूरसाठी हीच महत्त्वाची.

पाण्याऐवजी गाळ का?

लिब्ज पाण्यावर नीट चालत नाही. ठिणगी पडताच पाणी उडते, भिंगावर शिंतोडे येतात आणि प्लाझ्मा लवकर विझतो. दुसरी अडचण अधिक मोठी आहे. सांडपाण्यातील पाऱ्याची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे अब्जात १० भाग आहे. साध्या लिब्ज यंत्राला बहुतेक धातू दशलक्षात काही भागांपासून शंभर भागांपर्यंत असतील तरच दिसतात. हजार पटींची ही दरी आहे. पाणी गाळण-कागदावर सुकवणे किंवा एकामागोमाग दोन स्पंद मारणे असे उपाय संशोधक करतात. तरीही पाण्यासाठी प्रयोगशाळेतील ‘आयसीपी-एमएस’सारखी यंत्रेच भरवशाची.

गाळाचे गणित वेगळे आहे. जड धातू चिखलाच्या बारीक कणांना चिकटतात आणि वर्षानुवर्षे साचतात. पाण्यात अब्जात मोजावे लागणारे प्रमाण गाळात दशलक्षात मोजण्याइतके होते. शिवाय पाणी ओहोटीबरोबर निघून जाते, गाळ तिथेच राहतो. कालवे, शिंपल्या, चिंबोऱ्या आणि निवट्या याच चिखलात वाढतात. त्यामुळे गाळात काय आहे, याचा संबंध थेट टोपलीशी आणि ताटाशी येतो.

नळी खोल खुपसून गाळाचा उभा नमुना काढला तर त्यात थरांचा इतिहासही मिळतो. वरचा थर अलीकडचा, खालचा जुना. लेझरचा ठिपका बारीक असल्याने वाळवलेल्या नमुन्यावर मिलिमीटरागणिक वाचन घेता येते. औद्योगिक वसाहत येण्याआधीच्या थरात किती क्रोमियम होते आणि नंतरच्या थरात किती, ही तुलना वादात उपयोगी पडू शकते. भरतीने किंवा बोटींनी गाळ ढवळला गेला असेल तर थर मिसळतात, हे मात्र आधी तपासावे लागते.

मग वाचनात धातू दिसला की प्रदूषण सिद्ध झाले का?

नाही. इथे सह्याद्रीचा दगड आडवा येतो. पश्चिम महाराष्ट्राचा मोठा भाग काळ्या बसाल्टचा आहे. या दगडात लोह आणि टायटॅनियम भरपूर असते. शंभर-दोनशे पीपीएम तांबेही सहज सापडते. क्रोमियम आणि निकेलही असते. नद्या आणि नाले हीच माती खाडीत आणतात. त्यामुळे कोकणच्या कुठल्याही खाडीत लेझर मारले तर हे धातू दिसणारच.

म्हणून दोन गोष्टी कराव्या लागतात. एक, कारखान्यांचे पाणी न येणाऱ्या, पण तशाच खडकाच्या खाडीतील गाळाशी तुलना. दोन, धातूचे प्रमाण ॲल्युमिनियमशी ताडून पाहणे. ॲल्युमिनियम चिकणमातीचाच भाग असल्याने माती वाढली की तेही वाढते. ॲल्युमिनियम तेवढेच असताना शिसे किंवा जस्त वाढले असेल, तर ते बाहेरून आल्याचा संशय बळावतो.

यंत्राची स्वतःचीही एक खोड आहे. तेवढेच शिसे वाळूत आणि चिखलात असेल तर रेषांचे तेज वेगवेगळे येते. ओलावा, मीठ, कणांचा आकार यांनीही फरक पडतो. कारखान्यातल्या पोलादासाठी जुळवलेले यंत्र तसेच्या तसे खाडीवर आणून दाखवलेला आकडा म्हणूनच विश्वासार्ह नसतो. त्या खाडीच्या गाळाचे, प्रयोगशाळेत आधी मोजलेले नमुने वापरून यंत्र जुळवावे लागते.

लिब्जला काय दिसत नाही?

तारापूरच्या संदर्भात हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. लिब्ज मूलद्रव्ये दाखवते, संयुगे नाही. ठिणगीत रेणू तुटतात आणि उरतात फक्त अणू.

औषधे, रंग, कीटकनाशके यांच्या कारखान्यांतून येणारी सेंद्रिय रसायने प्रामुख्याने कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन यांची बनलेली असतात. माशाचे अंगही त्याचेच आणि झाडाचे पानही. लेझरला कार्बनची रेषा दिसेल, पण तो कार्बन विषारी द्रावकातला की कुजलेल्या पाल्यातला, हे कळणार नाही. सांडपाण्यासाठी रासायनिक ऑक्सिजन मागणीची मर्यादा लिटरमागे २५० मिलिग्रॅम आहे. ती ओलांडली गेली का, हे लिब्ज सांगू शकत नाही. मासे मरून किनाऱ्याला लागतात तेव्हा पाण्यातला ऑक्सिजन संपलेला असू शकतो किंवा अमोनिया वाढलेला असू शकतो. तेही या यंत्राच्या कक्षेबाहेर आहे.

क्रोमियमचे उदाहरण आणखी बोलके आहे. त्रिसंयुजी क्रोमियम तुलनेने कमी घातक. षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक. लिब्जच्या लेखी दोन्ही एकच, म्हणजे क्रोमियम. दोन्ही वेगळे मोजायचे तर रासायनिक चाचणीच हवी.

अणुवीज केंद्राजवळच्या गावांत येणारा प्रश्नही इथेच सोडवता येतो. लिब्ज किरणोत्सर्ग मोजत नाही. १ बेकरेल सीझियम-१३७ म्हणजे ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागाच्या सुमारे एक तृतीयांश. एवढे कमी द्रव्य लेझरच्या ठिणगीत दिसण्याची शक्यता नाही. त्यासाठी गॅमा किरण मोजणारी वेगळी उपकरणे असतात.

असे वाचन न्यायालयात चालेल का?

सध्याच्या चौकटीत एकट्या वाचनावर खटला उभा राहणे कठीण आहे. सांडपाण्याचा नमुना कसा घ्यायचा हे १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २१ मध्ये दिले आहे. कारखान्याला सूचना द्यायची, त्यांच्या समक्ष नमुन्याचे दोन भाग करायचे, डबे सीलबंद करून सह्या घ्यायच्या आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचे. ही पद्धत पाळली नाही तर अहवाल पुरावा म्हणून ग्राह्य धरला जात नाही. किनाऱ्यावर उभे राहून यंत्राच्या पडद्याचा मोबाइलवर काढलेला फोटो या कसोटीला उतरणार नाही.

पण नमुना कुठून घ्यायचा हे ठरवायला त्याची मदत होऊ शकते. समजा दांडी-नवापूर खाडीत २०० जागा आहेत आणि प्रयोगशाळेचा खर्च २० जागांनाच परवडतो. आज त्या २० जागा अंदाजाने निवडल्या जातात. वाळवलेल्या गाळाच्या गोळ्यांवर लिब्जने एका दिवसात सगळ्या २०० जागांचा कच्चा नकाशा करता येतो. मग सर्वाधिक शिसे, जस्त किंवा क्रोमियमच्या २० जागा रीतसर पद्धतीने तपासायच्या. प्रयोगशाळेचा खर्च तेवढाच राहतो, नेम मात्र अचूक होतो.

पुढे काय?

प्रक्रिया केंद्रांच्या ठिकाणी पाण्याचे अखंड मोजमाप करणारी यंत्रे बसवण्याचे निर्देश केंद्रीय मंडळाने २०१४ पासून दिले आहेत. ती प्रामुख्याने सामू, सेंद्रिय भार, तरंगते कण आणि प्रवाह मोजतात. जड धातूंचा हिशेब अजूनही मुख्यतः नमुना आणि प्रयोगशाळा यांवर अवलंबून आहे. लिब्जची हाती धरायची यंत्रे लाखोंच्या घरात आहेत, त्यांचे लेझर डोळ्यांना घातक ठरू शकते आणि ती हाताळायला प्रशिक्षण लागते. एखाद्या ग्रामपंचायतीने किंवा मच्छीमार संस्थेने ती विकत घ्यावीत, अशी ही गोष्ट नाही. विद्यापीठे, संशोधन संस्था आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांनी मिळून करायचे हे काम आहे.

तोवर गावकऱ्यांना कुठलाही अहवाल हाती आला की चार गोष्टी विचारता येतील. नमुना पाण्याचा की गाळाचा? भरती होती की ओहोटी? तुलनेसाठी कोणत्या खाडीचा गाळ घेतला? आणि ‘क्रोमियम’ लिहिले आहे ते एकूण की षट्संयुजी? चंद्रावर गंधक सापडल्याचे जाहीर करताना इस्रोने दुसऱ्या उपकरणाचा दुजोरा पुढे ठेवला होता. ज्या खाडीवर गावाची चूल पेटते, तिच्याबद्दलच्या अहवालाकडून तेवढीच अपेक्षा ठेवणे गैर नाही.